बाप कुणाकडे आहे?

पुस्तक वाचण्यासाठी असतं असा माझा समज होता. ठाण्याला आमच्या सोसायटीत राहायला आलो आणि तो दूर झाला. इथे पुस्तक समोरच्याला सुनावण्यासाठी असतं. तोंडाने बोललं की भांडण होतं आणि ते चार मजले उतरून वॉचमनपर्यंत जातं. पुस्तक दिलं की त्याचीच वाचनसंस्कृती होते. म्हणून सासू सुनेला कौतुकाने ‘रुचिरा’ देते, सून सासूला निवृत्तीनंतरच्या छंदांवरचं काहीतरी देते आणि जिलबी खाताना पकडल्या गेलेल्या आजोबांच्या उशाशी मधुमेहावरचं पुस्तक आपोआप उगवतं.

त्यामुळे बायकोने जेव्हा ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ माझ्या मांडीवर ठेवलं आणि “वाच जरा” म्हणाली, तेव्हा मी पुस्तकाकडे बघितलंच नाही. आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. खरा मजकूर तिथे असतो.

“कशावर आहे?” मी विचारलं.

“एका बापावर. बायको निघून जाते आणि तो एकटा मुलाला सांभाळतो.”

“का निघून जाते?”

“तेच वाच,” असं म्हणून ती आत गेली.

हे पुस्तक आमच्याकडे भिशीतून आलं. बायकांची भिशी पूर्वी सरळ पैशांची होती. मग कुणीतरी टूम काढली आणि सगळ्याजणी महाबळेश्वरला जाताना भिलारला थांबल्या. पाचगणीजवळचं हे गाव 2017 पासून पुस्तकांचं गाव झालेलं आहे. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, कुणाच्याही घरात शिरावं, बसावं आणि वाचावं. आमच्या मंडळींना त्यातला दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा भाग विशेष आवडला. येताना स्ट्रॉबेरीच्या खोक्यांबरोबर पुस्तक-भिशीची कल्पनाही आली. महिन्याला चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने जमलेल्या पैशांतून पुस्तकं आणायची आणि ती सगळ्यांत फिरवायची. त्या महिन्यात दोनशे चारची चिठ्ठी निघाली. (आमच्याकडे माणसांना नावं नसतात, फ्लॅट असतात.) दोनशे चार काही कामाने फोर्टात गेली होती, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर तिला जुन्या पुस्तकांत हे दिसलं. नावात ‘व्हर्सेस’ आहे म्हणजे कोर्टातली भानगड असणार, या हिशेबाने तिने घासाघीस करून ते घेतलं आणि उरलेल्या पैशांत पापडांचा स्टँड घेतला. तो अजून फिरवायला काढलेला नाही.

कादंबरी अ‍ॅव्हरी कॉरमन या अमेरिकन लेखकाची, 1977 सालची. न्यूयॉर्कमधला टेड क्रेमर मासिकांमधली जाहिरातीची जागा विकून पोट भरतो. त्याची बायको जोअ‍ॅना एके दिवशी त्याला आणि छोट्या बिलीला टाकून निघून जाते. टेड पडत-धडपडत मूल सांभाळायला शिकतो, मधल्या मधे नोकरी जाते, आणि आता कुठे बापाची घडी बसतेय तोवर जोअ‍ॅना परत येऊन कोर्टात मुलाचा ताबा मागते. 1979 साली यावर डस्टिन हॉफमन आणि मेरिल स्ट्रीपचा सिनेमा आला, त्याला पाच ऑस्कर मिळाली. 1995 साली आपल्याकडे त्याच वळणाचा ‘अकेले हम अकेले तुम’ आला. त्यामुळे सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी पुस्तक हातात पडताक्षणी “हे आमिर खानचं ना? बघितलंय,” म्हणून पुढे सरकवलं. आमिर खानने मराठी वाचकांचे किती तास वाचवले आहेत, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

‘क्रेमर’ हे नाव काही कुणाच्या जिभेवर बसेना. सुरुवातीला ‘ते बापाचं पुस्तक’ म्हणत होते, आठवड्याभरात नुसतं ‘बाप’ झालं. मग जिन्यात असे संवाद ऐकू यायला लागले:

“बाप कुणाकडे आहे सध्या?”

“तीनशे एककडे होता. पण ते म्हणे त्याला घेऊन चिपळूणला गेलेत.”

“असा कसा नेला? पुढचा नंबर माझा होता.”

“आणि आल्यावर जपून हाताळा हं. पाठ सुटलीये त्याची.”

एकदा तर वॉचमनने इंटरकॉमवरून मला कळवलं, “साब, आपका बाप नीचे रखा है, कब ले जाओगे?” माझे सासरे तेव्हा आमच्याकडे आले होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे दोन क्षण पाहिलं आणि पेपर परत वर घेतला. त्यांचा माझ्याविषयीचा अंदाज पक्का झाला असावा.

फिरण्याचा मार्ग ठरलेला होता. बायको वाचायची, किंवा मागचं कव्हर वाचायची, आणि नवऱ्याला द्यायची. पुरुषमंडळींनी मात्र या पुस्तकाला ज्या निष्ठेने न वाचता वापरलं त्याला तोड नाही. दोनशे चारच्या यजमानांनी ते लॅपटॉपखाली ठेवलं, त्याने म्हणे मीटिंगमध्ये हनुवटी बरी दिसते. पाचशे एकने पंख्याच्या वाऱ्याने उडणाऱ्या लाइट बिलावर ठेवलं. सहाशे तीन ते रोज लोकलमधून नेत-आणत होते आणि महिनाभराने त्यांनी “सुंदर आहे” असा अभिप्राय दिला. कशाबद्दल, ते विचारायची आमच्यात पद्धत नाही.

मी मात्र वाचलं. वाचनाची आवड वगैरे काही नाही, जोअ‍ॅना का जाते हे मला तातडीने कळायला हवं होतं. रात्री दिवा लावून वाचायला लागलो तर पुस्तकात माझ्या आधीच्या सगळ्यांच्या पाऊलखुणा. चाळिसाव्या पानाच्या आसपास वाण्याची यादी: तूरडाळ दोन किलो, भीमसेनी कापूर, फिनेल. पुढे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, मग कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. एका पानावर हळदीच्या अंगठ्याचा असा स्वच्छ ठसा, की तलाठ्यानेही नाकारला नसता. आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘हेच! हेच!!’ ते नेमकं टेड घरी उशिरा येतो त्या मजकुरापाशी. अक्षर कुणाचं असेल ते मी ओळखलं. मग पान उलटलं आणि झोपलो. पुढचे काही दिवस साडेसहाला घरी येत होतो. पुस्तकांनी माणूस बदलतो म्हणतात ते खरं आहे, फक्त आठवड्याभरासाठी बदलतो.

भिशीत पुस्तकावर चर्चा ठेवली, तेव्हा बायकांनी पुरुषांनाही बोलावलं. यामागचा हेतू आम्हाला कळत होता, पण बटाटेवडे होते.

सिनेमा पाहिलेल्यांनी फ्रेंच टोस्टचा विषय काढला. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी हॉफमन पोराला फ्रेंच टोस्ट करून घालायला जातो. अंडी कॉफीच्या मगात फोडतो, टरफल आत जातं. ब्रेडची स्लाइस मगात मावत नाही तर ती दुमडून कोंबतो. शेवटी तवा तापून हाताला चटका बसतो आणि सगळं खाली. बायका खो-खो हसत होत्या. पुरुष तांत्रिक बाजूने विचार करत होते.

“मग कशात फोडायची अंडी?” पाचशे एकने मला हळूच विचारलं.

“वाडग्यात असणार,” मी म्हणालो.

“आपल्याकडे वाडगा आहे का?” हे त्यांनी बायकोला विचारलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर.

पण पुरुषांना मनापासून लागलं ते टेडची नोकरी जाते ते. “मुलाच्या आजारपणात रजा किती टाकल्या असतील,” “अप्रेझलला तेच धरलं असणार,” असे सुस्कारे निघाले. मूल राहिलं बाजूला, चर्चा नोटीस पिरियडवर गेली. तेवढ्यात तळमजल्याच्या काकू बोलल्या. काकू सत्तरीच्या पुढे आहेत, पुस्तक त्यांनी इंग्रजीत, डिक्शनरी घेऊन, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. सगळ्या इमारतीत त्या एकट्याच.

“ते सगळं असू दे. मला एक सांगा, याला बाई कशी मिळाली?”

“कोण बाई?”

“सिनेमा बघून बोलता ना सगळे! अहो, पुस्तकात तो मूल सांभाळायला बाई ठेवतो. चांगली वयस्कर, मायाळू. येते, पोराला बघते, स्वयंपाकपाणी बघते. हा ऑफिसात.”

खोलीत शांतता पसरली. बायकांचे चेहरे पालटले. इतका वेळ त्या टेडच्या बाजूने होत्या. आता त्याच्याकडे संशयाने बघायला लागल्या.

“दिवसभराची?”

“सुट्ट्या किती घेते?”

“लादी करते का?”

“गणपतीला गावी जात नाही?”

“अगं, न्यूयॉर्कमध्ये गणपतीला कुठे जाणार!”

“म्हणूनच टिकली.”

पुढचा पाऊण तास अ‍ॅव्हरी कॉरमनच्या कादंबरीतल्या मोलकरणीवर चर्चा झाली. कोर्टातला खटला, बापाचं प्रेम, मुलाचं एकटेपण, कशाकशाला त्या पाऊण तासात जागा मिळाली नाही. ‘एवढी बाई मिळाली असती तर जोअ‍ॅना गेली असती का?’ असा प्रश्न चारशे दोनने टाकला आणि मला वाटतं जगभरातल्या समीक्षकांना हा सुचलेला नसावा.

आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत. इंग्रजी शिकवायचे. त्यांना पुस्तकाची बाजू सावरावीशी वाटली. म्हणाले, एकट्या बापाची खरी कादंबरी वाचायची तर जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ वाचा, 1861 सालची. रॅव्हलो नावाच्या गावात एक विणकर. माणूसघाणा, रात्रभर मोहरा मोजत बसणारा. त्याचं सोनं चोरीला जातं आणि काही दिवसांनी एका थंडीच्या रात्री उघड्या दारातून एक लहान पोरगी दुडदुडत येऊन त्याच्या शेकोटीपुढे झोपते. याची नजर अधू, तिचे सोनेरी केस बघून याला वाटतं सोनंच परत आलं.

“अगं बाई!” म्हणून सगळ्या हळहळल्या. सर खुलले. मग त्यांनी कोळशाच्या कोठीचा प्रसंग सांगितला, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात सांगून घोटून ठेवलेला असणार. कामाच्या वेळी पोरगी पळू नये म्हणून सायलस तिला कापडाच्या लांब पट्टीने मागाला बांधून ठेवतो. ती एके दिवशी कात्रीने पट्टी कापते आणि बाहेर पसार. शोधून शोधून सापडते ती चिखलात खेळताना. आता शिक्षा तर करायला हवी. मारायला हात धजत नाही. म्हणून शेजारणीने सुचवल्याप्रमाणे तो तिला क्षणभर कोळशाच्या कोठीत बंद करतो. मग स्वतःच घाबरून बाहेर काढतो, अंघोळ घालतो, स्वच्छ कपडे घालतो. आणि पाठ वळवून बघतो तर पोरगी आपली आपण परत कोठीत जाऊन बसलेली. तोंड काळं, डोळे चमकताहेत, शिक्षा आवडलेली.

“आमचा तसाच आहे,” सहाशे तीन म्हणाल्या. “बेडरूममध्ये कोंडलं की बाहेरच यायला तयार नाही. वायफाय तिथेच छान येतं.”

काकूंचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. “सर, ती शेजारीण कोण म्हणालात?”

“डॉली विन्थ्रॉप. फार प्रेमळ व्यक्तिरेखा. बाळाचे कपडे आणून देते, अंघोळ कशी घालायची ते शिकवते...”

“म्हणजे इथेही बाई आहेच.”

सर जरा गडबडले. त्यांनी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ काढलं. 1960 सालची कादंबरी, अ‍ॅटिकस फिंच नावाचा विधुर वकील, दोन मुलं, साहित्यातला आदर्श बाप.

“स्वयंपाक कोण करतं?” काकूंनी उलटतपासणी सुरू केली.

“कॅलपर्निया म्हणून एक...”

“झालं!” काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. “तिन्ही पुस्तकांत बाई. कसले हो एकटे बाप? आमचे हे घरात असताना दोन मुलं मी एकटीने वाढवली. माझ्यावर कोण लिहितंय का कादंबरी?”

“तुमच्यावर ‘श्यामची आई’ आहे ना,” सर शरणागती पत्करत म्हणाले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली ते लिहिलं, हेही त्यांनी जोडलं. बाजू बळकट होईल असं वाटलं असावं.

“ते मुलाने लिहिलंय,” काकू म्हणाल्या. “आणि तेही तुरुंगात निवांत वेळ मिळाला म्हणून. माझा कुठला लिहितोय! बोस्टनहून फोन करतो तोच मुळी मायक्रोवेव्हमध्ये भात कसा करायचा विचारायला.”

जाता जाता काकूंना कळलं की जॉर्ज एलियट ही मुळात मेरी अ‍ॅन इव्हान्स नावाची बाई, पुरुषाच्या नावाने लिहायची. त्यावर त्या फक्त “वाटलंच” एवढंच म्हणाल्या आणि वड्याची दुसरी खेप आणायला उठल्या.

मग आमच्या वकीलसाहेबांना राहवेना. त्यांनी जाहीर केलं की सायलस मार्नर आज ठाण्यात असता तर पोरगी त्याला मिळालीच नसती. 2015 च्या बाल न्याय कायद्यात एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. कादंबरी पहिल्या भागातच निकालात निघाली असती. सरांना हे एवढं लागलं की त्यांनी वडा अर्धा सोडला.

पण त्या संध्याकाळचा सगळ्यात उत्साही श्रोता होता तीनशे एक. तो केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. एरवी साहित्यावर तो बोलत नाही, त्या दिवशी त्याने स्वतःहून माहिती दिली की आमच्या नियमांत एकट्या बापाला बालसंगोपन रजा आहे, अख्ख्या नोकरीत मिळून 730 दिवस. पहिले 365 दिवस पूर्ण पगार, पुढचे 365 दिवस 80 टक्के. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते त्याच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

“सातशे तीस!” तो पुन्हा म्हणाला.

“त्यासाठी आधी मला जावं लागेल,” त्याची बायको म्हणाली.

“नाही, मी नुसता नियम सांगत होतो.”

“सांग, सांग. आणखी काय काय नियम आहेत?”

ते लवकर घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनशे एक कचऱ्याची बादली खाली ठेवताना दिसला. ओला वेगळा, सुका वेगळा.

चर्चा शेवटाला येऊन अडकली, कारण पुस्तकाला शेवटच नव्हता. पाठ सुटलेल्या पुस्तकाची मागची पानं वाटेत कुठेतरी गळाली होती. चिपळूणला, असं सगळ्यांचं मत. कोर्ट मुलाचा ताबा आईला देतं, इथवर पुस्तक होतं. पुढे काय होतं ते पूर्ण प्रत वाचणाऱ्या काकूंना माहीत होतं, पण त्यांना कुणी विचारेना. जो तो आपापला शेवट करायला लागला. दोनशे चारच्या मते दोघं परत एकत्र येतात. अकेले हम, अकेले तुम, मग एकटं राहायचं कशाला? पाचशे एकच्या मते टेडने वरच्या कोर्टात जायला हवं होतं. आणि तिघीचौघींच्या मते मुळात पहिल्याच वर्षात त्याच्यासाठी एखादं स्थळ बघायला हवं होतं. दुसरेपणाचं असलं तरी चालेल, मुलगा एकच आहे, नोकरी काय लागेल पुन्हा. एकीने तर आपली चुलतनणंद न्यू जर्सीला असते असंही सांगितलं. टेड क्रेमर कागदावरचा आहे म्हणून वाचला, नाहीतर त्या रात्री त्याची पत्रिका जुळली असती.

हे सगळं चाललं असताना एक गोष्ट कुणाच्याच बोलण्यात आली नाही. आमच्याच इमारतीत सातशे दोनमध्ये एक गृहस्थ राहतात. दोन वर्षांपूर्वी राहायला आले, ते आणि सात-आठ वर्षांची मुलगी. तिसरं कुणी नाही. का नाही, याबद्दल इमारतीत चार स्वतंत्र मतं आहेत, त्यातली दोन मी पसरवलेली आहेत. त्यांना पुस्तक कुणीही दिलं नव्हतं. “बरं दिसत नाही,” “त्याला काय वाटेल,” “उगाच जखमेवर मीठ,” अशी कारणं निघाली. जखम आहे की नाही, हे कुणी वर जाऊन बघितलं नव्हतं. संक्रांतीला तिळगुळाचा डबा मात्र पाच घरांतून गेला होता, कारण रिकामा डबा परत घ्यायला जाताना घर आतून दिसतं.

मला वाटलं, आपण द्यावं. नाही म्हटलं तरी अख्ख्या सोसायटीत हा एकच वाचक असा की ज्याला ते देताना आपल्याला काही सुनावायचं नाही. पुस्तक पिशवीत टाकून हिंडत होतो. ते गृहस्थ भेटले लिफ्टमध्ये, सकाळी सात वाजून गेल्यावर, शाळेच्या बसच्या वेळेला. एका खांद्यावर दप्तर, दुसऱ्या खांद्याला पाण्याची बाटली. दातांत एक निळं रबर, दुसरं मनगटात. मुलगी त्यांच्यापुढे लिफ्टच्या आरशाकडे तोंड करून उभी, आणि ते तिची दुसरी वेणी घालत होते. पहिली झालेली होती, पण कानाच्या जरा जास्तच वर. दुसरी त्या मानाने खाली चालली होती.

“बाबा, वाकडा भांग आहे,” मुलगी आरशात बघून म्हणाली.

“हं,” ते रबर न सोडता म्हणाले.

मी पिशवीतून पुस्तक काढलं. “हे तुम्हाला द्यायचं होतं. कादंबरी आहे. एका बापाची. एकटाच मुलाला वाढवतो. चांगली आहे, शेवटची पानं फक्त नाहीत.”

त्यांनी तीन पेडांवरची नजर काढली नाही. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, सहाशे तीनच्या मुलाने बटण दाबलं होतं की कोण जाणे, कुणीच आत आलं नाही. दार परत लागलं.

“यात वेणी कशी घालतो ते दिलंय का?” त्यांनी दातांतलं रबर काढून विचारलं.

“नाही. त्याला मुलगा आहे.”

“मग राहू दे,” ते म्हणाले, आणि मनगटातलं दुसरं रबर काढण्यासाठी हात माझ्यापुढे केला. “हे जरा ओढता का?”